बोटं पांढरी पडतात, पण डॉक्टरांसमोर नाही

नाशिकच्या थंडीत भांडी विसळताना बोटं खडूसारखी पांढरी, मग निळी, ऊब मिळाली की लाल आणि ठणका. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं ठीक! दोनदा हात हलवत परतले. हातमोजे, तेलमालिश करून झालं.

संधिवाततज्ज्ञांकडे जाण्याआधी: झटका येताच तिन्ही रंगांचे फोटो. मग दोन आठवडे वहीत वेळ, कारण, कोणती बोटं, किती मिनिटं. नंतर चालू औषधांची यादी. त्यात अर्धशिशीचं प्रोप्रॅनोलॉल निघालं, त्यानं हा त्रास वाढू शकतो (स्वतःहून बंद केलं नाही). सांधेदुखी, कोरडे डोळेही लिहिले. आदल्या दिवशी नेलपॉलिश काढलं, कारण नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून बघतात.

फोटो पाहताच डॉक्टर म्हणाले, "रेनॉड्स." म्हणजे थंडीनं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा त्रास. एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) लिहून दिली, अर्धशिशीची गोळी बदलली.