पुंगळी कुठे अडली ते आधी बघा

आयटीआयला फिटर झालो तेव्हा वाटलं होतं, नाशिकमध्ये सातपूरच्या एखाद्या कंपनीत लागू आणि जन्मभर कानस घासू. लागलो पोलिसात, आणि काही वर्षांनी आर्मोररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर. आता निवृत्त होऊन जेल रोडला राहतो. नात्यातली, ओळखीतली पोरं भरती झाली, आर्मोररचा कोर्स मिळाला, की घरी येतात आणि एकच प्रश्न विचारतात: "काका, एसएलआर रायफल फायरिंगला अडली तर पहिलं काय करायचं?"

पहिलं काही करायचं नाही. बघायचं.

कोर्समध्ये तुम्हाला 'रोक' (रायफल अडणं) आणि 'फौरी इलाज' (तातडीचा उपाय) पाठ करून घेतील. आपल्याकडे हे शब्द हिंदीतच चालतात, शिकवणारा उस्ताद मराठी असला तरी. फौरी इलाज जवानासाठी आहे. समोर धोका असताना रायफल पुन्हा चालू कशी करायची, एवढंच त्यात येतं. आर्मोररचं काम वेगळं आहे. जवानाने रायफल चालू केली की पुरावा पुसला जातो. म्हणून मी रेंजवर आधीच सांगून ठेवायचो, "अडली तर मोहरा, म्हणजे नळीचं तोंड, निशाणाकडेच ठेवा, ट्रिगरवरून बोट काढा, हात वर करा, मला येऊ द्या."

ही रायफल तशी समजायला सोपी आहे. मूळ बेल्जियमच्या एफएन कंपनीची एफएएल. तिच्यावरून इशापूरच्या कारखान्याने 7.62 मिलीमीटरची 1ए1 बनवली. 1962 च्या युद्धानंतर जुन्या .303 च्या जागी ती फौजेत येत गेली, नव्वदीच्या दशकात इन्सास रायफल आल्यावर मागे सरली आणि पोलिसांकडे मात्र पुढेही राहिली. मॅगझिनमध्ये 20 गोळ्या, एका दाबाला एकच फायर. गोळी नळीतून पुढे जाताना थोडा गॅस वरच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन मागेपुढे सरकणाऱ्या स्लाइडला धक्का देतो, स्लाइड ब्रीच ब्लॉकची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याची, मागची बाजू उचलून त्याला मोकळा करते. एक्स्ट्रॅक्टर आपल्या नखाने फायर झालेल्या गोळीची रिकामी पुंगळी ओढून आणतो, इजेक्टर तिला उजवीकडे उडवतो. मग बटातली (दस्त्यातली) रिटर्न स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे लोटते, आणि जाता जाता ब्लॉक मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात घालतो. हा फेरा जिथे तुटतो तिथे खूण राहते.

पुंगळी इजेक्शनच्या खिडकीत उभी अडकली असेल, तर स्लाइड पुरेशी मागे गेली नाही असा पहिला संशय घ्यायचा. ब्लॉक रिकाम्या चेंबरवर बंद झालाय आणि मॅगझिनमध्ये गोळ्या आहेत, तरी बहुधा तेच. पण तेव्हा मॅगझिन नीट खटक्यात बसलंय का हे आधी बघा, कारण निम्म्या वेळा ते बसलेलं नसतं. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून नवी गोळी तिच्यावर जाऊन आपटली असेल, तर गॅसकडे जाऊ नका. एक्स्ट्रॅक्टर आणि चेंबर बघा. ब्लॉक पूर्ण बंदच होत नसेल तर चेंबरमधली घाण, वाकडी गोळी, कोरडी पडलेली स्लाइड किंवा थकलेली रिटर्न स्प्रिंग.

आणि 'टक' आवाज होऊन फायर झालाच नाही, तर लगेच उघडायचं नाही. मोहरा निशाणाकडे ठेवून थांबायचं, फायर उशिरा होऊ शकतो. नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' झालं तर त्याहून मोठी गोष्ट. गोळी नळीतच राहिलेली असू शकते. रायफल खाली, म्हणजे रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत दुसरी गोळी भरू द्यायची नाही, मग मागून कोणी कितीही घाई करो.

पिस्टनला किती गॅस मिळेल ते ठरवणाऱ्या गॅस रेग्युलेटरबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण नवा आर्मोरर हमखास इथेच चुकतो. मीही चुकलो.

आधी शब्दाचा घोळ. रेग्युलेटर 'उघडला' म्हणजे पिस्टनला जास्त गॅस मिळतो असं वाटतं. उलट आहे. उघडला की गॅस बाहेर निसटतो, पिस्टनला कमी मिळतो. बंद करत गेलं की जोर वाढतो. त्याच्या पुढे गॅस प्लग असतो, तो ग्रेनेड फेकण्यासाठी उलटा बसवता येतो. तसा बसला की गॅसची वाटच बंद होते आणि प्रत्येक फायरनंतर हाताने कॉक करावं लागतं. साफसफाईनंतर प्लग उलटा बसवलेली रायफल 'बिघडली' म्हणून माझ्याकडे कितीदा आली, मोजलं नाही.

तर गोष्ट बट नंबर 31 ची, म्हणजे बटावर 31 आकडा असलेल्या रायफलीची. एका मुख्यालयात नवीन होतो. पावसाळा संपून फायरिंग सुरू झालं होतं, आणि या भागात तेव्हा रेंजवर गवत गुडघाभर असतं. 31 नंबर अडत होती. मी गेलो, पुंगळी चेंबरमध्येच होती. घाईत कॉकिंग हँडल ओढलं, गजाने पुंगळी काढली, मनात म्हटलं गॅस कमी पडतोय, आणि रेग्युलेटर एक खटका बंद केला. पुढचे चार फायर झाले, पाचव्याला पुन्हा तेच. आणखी एक खटका.

दुपारी पुंगळ्या मोजल्या तर तीन कमी. पुंगळ्या परत जमा कराव्या लागतात, हिशोब जुळल्याशिवाय गाडी हलत नाही. सगळी पार्टी गवतात. उन्हं कलली तरी आम्ही वाकून फिरत होतो, आणि जो तो मनातल्या मनात माझा उद्धार करत होता. शेवटी तिन्ही सापडल्या त्या फायरिंग पॉइंटपासून कितीतरी लांब.

आमचे उस्ताद तोवर काही बोलले नव्हते. त्यांनी त्या तीन पुंगळ्या तळहातावर घेतल्या आणि मला विचारलं, "ही कड बघितली का रे तू?"

दोन पुंगळ्यांच्या बुडाची कड ओरबाडलेली होती, एकीच्या अंगाला पोचा होता.

"गॅस कमी असता तर पुंगळी पायाशी पडली असती. ही गवतात पळाली. 31 चा रेग्युलेटर कुणी बंद केला?"

"मीच, उस्ताद. दोन खटके."

"आणि तुझ्या आधी?"

ते मला ठाऊक नव्हतं, कारण कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रागारात रायफल खोलली तेव्हा उलगडलं. केव्हातरी पिस्टनवर काजळी जमून रायफल मंद झाली असणार. कुणीतरी काजळी काढण्याऐवजी रेग्युलेटर बंद करून काम भागवलं. पुढे साफसफाईत काजळी निघाली, रेग्युलेटर तिथेच राहिला. आता पिस्टन नको इतक्या जोराने मारत होता. त्यात पावसाळ्यात चेंबरला बारीक गंज धरलेला. पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर तिला हिसका द्यायचा आणि कड फाडून मोकळा व्हायचा. पुंगळी आतच. मी ते बघून जोर आणखी वाढवला. म्हणजे रोगच औषध म्हणून पाजला.

त्या दिवशी उस्तादांनी जो क्रम लावला तोच मी पुढे कायम ठेवला. रायफल खाली करून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, 'खालीच आहे' असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून नाही. पिस्टन काढून स्प्रिंग बाजूला करायची, पिस्टन परत घालून रायफल वरखाली कलती करायची. तो स्वतःच्या वजनाने खाडकन घसरला पाहिजे. अडखळला तर काजळी आहे किंवा वाकलाय. पिस्टन आणि सिलिंडर कोरडे ठेवायचे. तिथे तेल घातलं की जळून काजळीच होते, तेल स्लाइडच्या खाचांना. चेंबर ब्रशने चेंबर, मग चिंदी, आणि चिंदीवर तांबूस डाग यायचा थांबेपर्यंत पुन्हा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार झिजली असेल तर बदलायचा. कानस लावून 'ठीक' करायचा नाही. आयटीआयवाल्यांच्या हाताला ही खाज असते, म्हणून मुद्दाम सांगतो. ब्रीच ब्लॉक नीट लॉक होतोय का, चेंबरची मापं बरोबर आहेत का, हे मापाच्या गेजचं काम. गेज नसेल तर रायफल वर वर्कशॉपला पाठवा.

हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, रेग्युलेटर. तो रेंजवरच लागतो. आम्हाला शिकवलं होतं ते असं: आधी पूर्ण उघडायचा, मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून फायर करायचा. पुंगळी नीट बाहेर पडली नाही तर एक खटका बंद, पुन्हा एक गोळी. पडू लागली की धुळीसाठी, काजळीसाठी म्हणून आणखी दोन खटके, आणि तिथे थांबायचं. तो आकडा बट नंबरसमोर वहीत लिहायचा.

वहीवरून मॅगझिन आठवली. त्यांनाही नंबर टाका. रायफल अडली की मॅगझिन दुसऱ्या रायफलला लावून बघा. रोग मॅगझिनबरोबर गेला तर रायफल खोलायची गरजच नाही. गोळी धरून ठेवणारे वरचे ओठ वाकलेली मॅगझिन पकडीने सरळ करून परत देऊ नका, दोन फायरिंगनंतर तीच दारात येते. आणि डिसेंबरात निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत पहाटेच्या फायरिंगआधी स्लाइडवर कुणी ग्रीस थापलंय का ते बघा. 'जास्त तेल म्हणजे जास्त काळजी' मानणारा एक तरी जवान प्रत्येक तुकडीत असतो.

एक सांगायचं राहिलं. ही सरकारी, प्रतिबंधित हत्यारं आहेत. मोबाइलवर व्हिडिओ बघून कोर्सआधीच कुठे हात मारायला जाऊ नका, आणि कोर्सनंतरही लेखी नोंदीशिवाय एक पिन हलवू नका.

31 नंबर पुढच्या फायरिंगला घेऊन गेलो. एक्स्ट्रॅक्टर नवा, चेंबर चकचकीत. रेग्युलेटर उघड्यापासून सुरू केला आणि माझ्या जुन्या खुणेच्या बराच अलीकडे तो लागला. मग 20 गोळ्यांचं मॅगझिन लावलं. उस्ताद मागे उभे होते, रायफलीकडे न बघता उजवीकडच्या गवताकडे बघत. विसाव्या फायरनंतर मी खाली करून वळलो, तर ते आधीच वाकून पुंगळ्या वेचत होते. सगळ्या चार-पाच पावलांच्या आत पडल्या होत्या. वीसच्या वीस मोजून त्यांनी माझ्या टोपीत टाकल्या आणि म्हणाले, "चला, आज मिसळ गरम मिळेल."