मोत्याच्या कानातले गोचीड

श्रावणात पांडवलेणीच्या पायथ्याशी फिरून आलो आणि दोन दिवसांनी मोत्या सारखा कान झटकू लागला. कान उलटून पाहिला तर आत वाटाण्याएवढा करडा फुगीर गोचीड. मग सगळं अंग उलट्या केसांनी बोटांनी चाचपलं. पट्ट्याखाली, बगलेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात मिळून आणखी सहा निघाले. बेचक्या बघायला विसरू नका, तिथेच बारीक पिल्लं लपतात.

शेजारच्या काकू म्हणाल्या, रॉकेल लाव. मी लावलं नाही. रॉकेल, तेल किंवा चटका दिला तर चिडलेला गोचीड रक्तात लाळ ओकू शकतो, आणि रोग त्या लाळेतूनच जातो. हातमोजे घातले, बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीला टेकवून गोचिडाचं तोंड धरलं आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढलं. पोट दाबायचं नाही. काढलेले स्पिरिटच्या बाटलीत टाकले, जखम पुसली.

पुढचे तीन आठवडे ताप, सुस्ती, नाकातून रक्त यावर लक्ष ठेवलं. भिंतीच्या फटीही साफ केल्या, कारण मादी तिथेच हजारो अंडी घालते.