पिना कोलाडा बिघडतो तो नारळापाशी: या चुका टाळा

रम, नारळ आणि अननसाचं कॉकटेल म्हणजे पिना कोलाडा. घरी तो जमला नाही की सगळे रमला नावं ठेवतात. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा गडबड नारळाची असते.

पिना कोलाडा मूळचा पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा. तिथे नारळ आणि अननस दोन्ही मुबलक, पण खोबरं किसून, पिळून रस काढायचा म्हणजे किती खटाटोप, हे कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक रामोन लोपेझ इरिझारी यांनी साखर घातलेला दाट नारळरस ‘कोको लोपेझ’ नावाने डब्यात आणला आणि बारवाल्यांची वाट मोकळी झाली. राजधानी सान हुआनच्या कारिबे हिल्टन हॉटेलचा दावा असा, की त्यांचे बारमन रामोन ‘मोन्चितो’ मारेरो यांनी १९५४ मध्ये हे पेय केलं. जुन्या शहरातलं बाराचिना रेस्टॉरंट १९६३ सालचा स्वतःचा हक्क सांगतं. १९७८ मध्ये पिना कोलाडा पोर्तो रिकोचं अधिकृत पेय झालं.

म्हणून डब्यावरचं नाव नीट वाचा. ‘क्रीम ऑफ कोकोनट’ गोड असते, आपल्याला तीच हवी; ‘कोकोनट क्रीम’ बिनसाखरेची. साधं नारळाचं दूध ओतलंत तर पेय पाणचट होणारच. डबा मिळाला नाही तर नारळाचा पहिला जाड रस २०० मिली, साखर १५० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर ठेवून साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की रस फुटतो, त्यामुळे गॅसपासून हलू नका.

ग्लासच्या कडेला पांढरे कण चिकटलेत? मी पहिल्यांदा केला तेव्हा अगदी तसंच झालं होतं. मला वाटलं, रस नासला. पण थंडीत खोबरेलाची बाटली थिजते ना, तेच हे. फ्रीजमधली क्रीम थेट बर्फावर पडली की तिच्यातलं तेल गोठतं. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, आधी क्रीम आणि अननसाचा रस मिक्सरमधून फिरवा, बर्फ शेवटी. कण आधीच दिसत असतील तर घोटभर अननसाचा कोमट रस घालून पुन्हा फिरवा.

प्रमाण: पांढरी रम ५० मिली, नारळाची गोड क्रीम ३० मिली, अननसाचा ताजा रस ५० मिली. ‘पिना कोलाडा’ म्हणजेच गाळलेला अननस, तेव्हा रस गाळायचा कंटाळा करू नका. बर्फाने पातळ होत असेल तर निम्म्या बर्फाऐवजी अननसाच्या गोठवलेल्या फोडी घ्या. फार गोड लागलं तर लिंबू पिळा.

आपल्याकडची काळी रम वापरायची असेल तर ती मिक्सरमध्ये नको, वरून चमचाभर ओता. नाहीतर नारळाची चव दबते.

दुधाची साय घालणार असाल तर ग्लास लगेच संपवा. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने कडवटपणा उतरतो.