आधी भिंत पाहा, मग पिशवी भरा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा ऐंशीएक किलोमीटरवरच्या सोलापुरातही झोपलेली माणसे दचकून उठली. जवळपास १०,००० माणसे दगावलेल्या या भूकंपाची महत्ता (भूकंपाच्या आकाराचे माप) ६.२ होती. एवढ्या महत्तेच्या भूकंपात मजबूत बांधणीची घरे सहसा टिकतात. तिथे मात्र केंद्र उथळ होते, आणि माणसे चिरडली गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवद (मातीचे सपाट छत) अंगावर कोसळल्यामुळे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्याने दख्खनच्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या भेगांतही ताण साठत राहतो. २००२ च्या भारतीय मानकात सोलापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे.

म्हणून तयारीची सुरुवात भिंतीपासून करावी. जुन्या वाड्याची जाड भिंत बहुधा दोन पदरी असते आणि मधल्या पोकळीत खांडक्या व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नसतील, तर हादऱ्याने पदर सुटे होतात. भिंतीने पोट काढले आहे का, हे ओळंबा लावून पाहावे. कोपऱ्यांतल्या उभ्या भेगा आणि तुळईखालचा सरकलेला दगड यांची नोंद करावी. नुसता गिलावा करून भेग झाकणे म्हणजे दुखणे लपवणे होय. आरपार बंध घालणे आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना जखडणारा सलग पट्टा बसवणे ही कामे स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावीत. गळती थांबवण्यासाठी दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर चढवण्याची सवय विशेष घातक आहे, कारण छत जितके जड, तितका हादऱ्यात भिंतींवर येणारा जोर मोठा. जुना थर उतरवून मगच नवा घालावा. तोवर निदान झोपण्याची जागा फुगलेल्या भिंतीपासून दूर न्यावी.

कपाटे भिंतीला पक्की जखडावीत आणि पोटमाळ्यावरची जड भांडी खाली आणावीत. घरात यंत्रमाग असेल, तर सुताच्या गाठींची उंच थप्पी वाटेत रचू नये.

हादरा सुरू झाला की सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत भक्कम टेबलाखाली शिरून डोके झाकावे, टेबलाचा पाय घट्ट धरावा. जिना आणि लिफ्ट टाळावी. दगड-मातीच्या बैठ्या घरात दार दोन-चार पावलांवर आणि समोर मोकळे पटांगण असेल, तरच बाहेर पडावे. जुन्या पेठांतील बोळात धावणे मला घरात थांबण्याहून धोक्याचे वाटते, कारण दोन्ही बाजूंचे कठडे तिथेच पडतात. आपल्या घराला यांपैकी काय लागू आहे, हे दिवसाउजेडी घरातल्या सर्वांसोबत चालून पाहून ठरवावे.

घर सोडावे लागल्यास हाताशी असावी अशा पिशवीत पाणी, विजेरी, शिटी, नेहमीची औषधे आणि कागदपत्रांच्या प्रती पुरेत. हादरा थांबल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास येत असेल, तर काडी ओढू नये व विजेचे बटण दाबू नये. मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. तडे गेलेल्या घरात सामान आणायलाही परत शिरू नये, कारण मागाहून येणारे धक्के दुबळी झालेली भिंत पाडू शकतात.