त्वचेचा कर्करोग: उन्हापासून बचाव आणि दर महिन्याची तपासणी कशी करावी

सावळ्या कातडीत मेलॅनिन (कातडीला रंग देणारं आणि उन्हापासून जपणारं द्रव्य) जास्त असतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी होतो. पण त्यामुळेच तो कुणाच्या मनात येत नाही आणि निदानाला उशीर होतो. शिवाय आपल्या वर्णाच्या माणसांत मेलॅनोमा हा घातक प्रकार बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो. म्हणून नुसतं सनस्क्रीन पुरत नाही.

आधी सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण, जे कातडीला इजा करतात, तीव्र आहेत. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ही वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन. डिसेंबरातही दुपारी साडेबाराला सावली उंचीहून थोडी आखूडच पडते. शक्य ती कामं या वेळेबाहेर ठेवा.

दुचाकीवर स्कार्फ बांधायची पुण्यातली सवय चांगली आहे, फक्त कापड तपासून घ्या. उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसत असेल, तर किरणही आत येणार. घट्ट विणीचं, गडद कापड घ्या. स्कार्फ बांधूनही हातांची पाठ आणि चपलेतली पावलं उघडी राहतात, त्यांना सनकोटची लांब बाही, हातमोजे आणि बूट हवेत. पुरुषांचे कान, मान आणि टक्कल विसरू नका.

सनस्क्रीन ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए आणि यूव्हीबी हे दोन्ही अतिनील किरण अडवणारं) आणि एसपीएफ (संरक्षणाचा आकडा) 30 किंवा अधिक असावं. 30 चं सुमारे 97 टक्के आणि 50 चं 98 टक्के यूव्हीबी किरण अडवतं, पण थर पुरेसा असेल तरच. चूक नेमकी इथेच होते. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधलं बोट भरून मलम घ्या, बाहेर पडण्याआधी 15-20 मिनिटं लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर तर लगेच, पुन्हा लावा. रोज दोनदा लावत असाल तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरात संपायला हवी. कोडाच्या डागांवर आवर्जून लावा, तिथे मेलॅनिनचं संरक्षण नसतं.

महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, भरपूर उजेडात अंग तपासा. पाठीसाठी मोठ्या आरशाकडे पाठ करून हातात छोटा आरसा धरा. डोक्याची कातडी घरातल्या कुणाकडून भांग पाडत बघून घ्या. नेलपॉलिश काढून नखं, बोटांच्या बेचक्या आणि तळपाय निरखा. शंका असलेल्या डागाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

दोन बाजू सारख्या नसलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला, एकाहून जास्त रंगांचा, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा बदलत जाणारा तीळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एकाच नखावर काळा पट्टा आला आणि तो रुंदावत गेला किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीत उतरला, तर अजिबात थांबू नका. चेहऱ्यावरची हळूहळू वाढणारी काळसर चकचकीत गाठ आणि चार आठवड्यांत न भरणारी जखम यांचंही तसंच. भाजल्याच्या जुन्या व्रणावर अनेक वर्षांनी चिघळणारा फोड आला, तर तोही दाखवाच.

तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून कॉर्न कॅप लावू नका, ब्लेडने तासू नका. बदलणाऱ्या तिळाला चामखीळ समजून केस बांधणं किंवा चुना लावणं तर नकोच. वरचा भाग गेला तरी मुळातला रोग राहतो आणि निदान अवघड होतं.

पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातही तपासणी होते. गरज वाटल्यास डॉक्टर तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. त्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे. जाताना मोजपट्टीसह काढलेले जुने फोटो सोबत न्या. डाग किती महिन्यांत किती वाढला, हे डॉक्टर आधी विचारतात.