पुण्याहून एका दिवसात लोहगड आणि भाजे: आधी किल्ला, मग लेणी

मळवली स्टेशनवरून चालत निघालं की आधी भाजे गाव लागतं, म्हणून बहुतेक जण लेणी अगोदर उरकून घेतात आणि अकराच्या उन्हात लोहगड चढायला लागतात. हा क्रम उलटा करा. भाजे लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी आत अंधूकच असतं, तर दुपार कलली की ऊन थेट चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, येतं. किल्ल्याचं बरोबर उलट: तिथे सावली नावालाच, त्यामुळे चढाई सकाळीच व्हायला हवी.

पुणे-लोणावळा लोकल पकडा. मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं शेवटचं स्टेशन. एक्स्प्रेस गाड्या इथे थांबत नाहीत. सहा-साडेसहाच्या सुमाराची लोकल मिळाली तर आठच्या आत मळवलीला उतरता. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. मुख्य म्हणजे लोकलचं वेळापत्रक निघण्याआधी बघून घ्या, कारण दुपारी बराच वेळ लोकल नसते आणि त्या वेळात स्टेशनवर आलात तर बाकावर बसून राहण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईकरांनी इंद्रायणी एक्स्प्रेसने लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी, नाहीतर रिक्षा ठरवावी. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच बोलून घ्या, आणि ते जायचं की येऊन-जाऊन, हेही.

स्टेशनवरून दक्षिणेकडे निघा. द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात भाजे. तिथे चहा घ्या, बाटल्या भरा (माणशी किमान 2 लिटर, मार्च ते मे 3) आणि लेण्यांकडे न वळता लोहगडचा रस्ता धरा. डांबरी रस्ता वळणं घेत गायमुख खिंडीत चढतो. खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूरचा किल्ला. रमतगमत चालणाऱ्याला भाज्याहून लोहगडवाडीला सव्वा ते दीड तास लागतो.

वाडीत जेवण मिळतं, पण एक करा: गडावर जातानाच पिठलं-भाकरी सांगून ठेवा, किती माणसं आणि साधारण किती वाजता, तेही. उतरल्यावर सांगितलंत तर भाकऱ्या थापून होईपर्यंत पाऊण तास जातो आणि पुढचं सगळं गणित कोलमडतं.

गडाची वाट म्हणजे बांधीव पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून वाट नागमोडी वर जाते. पुढच्या दरवाज्याकडे वळताना मागचा दरवाजा अख्खा नजरेत येतो, म्हणजे खालून येणारा शत्रू कसा माऱ्यात राहायचा ते आपोआप कळतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत लोहगड आहे. वर लक्ष्मी कोठी आणि नाना फडणवीसांच्या काळातलं सोळाकोनी तळं बघा. मग विंचूकाटा. दीडेक किलोमीटर लांब, चिंचोळी अशी ही माची. तिच्यावर जायला आधी एक खडकाळ टप्पा उतरावा लागतो आणि येताना तोच चढावा लागतो. जाऊन-येऊन तास धरा. धुकं दाटलं असेल, वारा ढकलत असेल किंवा बरोबर लहान मूल असेल तर माची वरूनच बघा. पवना धरणाचं पाणी वरूनही दिसतं.

माकडं फार आहेत. त्यांना पिशवीचा आवाज ओळखू येतो. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच म्हणून समजा. खाऊ सॅकमध्ये ठेवा आणि सॅक उघडी टाकून फोटो काढत बसू नका.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळाच. अरुंद दरवाज्यांत चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि रांग जागची हलत नाही. खाली घाटरस्त्यावर गाड्यांचीही तीच गत. शिवाय अतिवृष्टीच्या दिवसांत जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदी घालतं, तेव्हा आदल्या रात्री बातम्या बघा. जायचंच तर मधला वार निवडा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळाचे बूट आणि चपला दोन्ही निरुपयोगी. घसरतात ते बहुतेक उतरताना, म्हणून पाऊल आडवं टाका. आमच्या मते या वाटेचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

विसापूर त्याच दिवशी जोडू नका. पठार अवाढव्य आहे, धुक्यात वाट हमखास चुकते आणि दोन्ही किल्ले धावत बघून एकही धड बघून होत नाही.

दोनच्या आसपास जेवून निघालात तर साडेतीनला लेण्यांच्या पायथ्याशी येता. पायऱ्या चढून वर गेलं की तिकीटखिडकी आहे. मोठं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, सुमारे 18 मीटर लांब. खांब नीट बघा: सगळे आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब असे तिरके देत असत. इथे कातळ कोरताना त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांनी हाताची सवय सोडली नाही. वर छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या आहेत, त्याही पुरातन. दर्शनी बाजूचा लाकडी पडदा मात्र गेला, त्याच्या खाचा उरल्या आहेत. पुढे 14 स्तूपांचा गट लागतो, त्यांतले काही इथल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्षूंचे. इथूनच लोक मागे फिरतात, आणि तीच चूक. दक्षिण टोकाच्या विहारात (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात) डावी-उजवीकडे रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. भाज्यातलं सर्वांत भरीव काम तेच. तिथे चांगली वीस मिनिटं द्या. कोपऱ्यातल्या आकृती नीट बघायला विजेरी जवळ असू द्या, पण दगडाला हात लावू नका.

पाचच्या सुमारास लेण्यांवरून निघा. स्टेशनपर्यंत पाऊण तास पुरतो.

जवळच्या कार्ला लेण्यांना वेगळा दिवस द्या. तिथलं चैत्यगृहही पश्चिमेलाच उघडतं, तेव्हा दुपारीच जा. लेण्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेत आणि नवरात्रात पायऱ्यांवर दर्शनाची रांग असते, त्या दिवसांत फक्त लेणी बघायला जाण्यात अर्थ नाही.