तुराटीची सावली आणि समुद्राचे प्रवाह: नकाशावरून हवामान कसं ओळखावं

चंद्रपूर आणि मुंबई यांच्या अक्षांशात जेमतेम एका अंशाचा फरक. तरी मे महिन्यात चंद्रपूरची दुपार मुंबईपेक्षा आठ-दहा अंशांनी जास्त तापते. असं का होतं, हे कुठल्याही गावाबद्दल शोधता येतं. फक्त क्रम पाळा: आधी अक्षांश, मग वारा, मग प्रवाह, शेवटी समुद्रापासूनचं अंतर आणि उंची.

अक्षांश अंगणातच मोजा. 21 मार्चला सपाट जागी सरळ तुराटी रोवा, जमिनीवर बरोबर 100 सेंटीमीटर राहील अशी. ओळंबा लावून ती उभी आहे का पाहा. आपली खरी दुपार घड्याळातल्या 12 ला होत नाही, प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि विदर्भ त्याच्या पश्चिमेला. म्हणून 11:50 ते 12:45 दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. विदर्भात ती साधारण 36 ते 39 सेंटीमीटर भरेल. तिला 100 ने भागून कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन (tan⁻¹ चं बटण) काढला की 20 ते 21 अंश येतात. तोच गावाचा अक्षांश. सावली 1 सेंटीमीटर चुकली तर उत्तर अर्धा अंश, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर सरकतं. बहुतेक वेळा दोष कललेल्या तुराटीचा असतो. (23 सप्टेंबरलाही हेच जमतं, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही.)

22 डिसेंबरला पुन्हा मोजा. सावली जवळजवळ तुराटीएवढीच लांब पडेल, कारण सूर्य दुपारीही 45 अंशांवरच असतो. सूर्य डोक्यावर असतानापेक्षा तेवढंच ऊन 1.4 पट जमिनीवर पसरतं, जसं एका वावराचं बी दीड वावरात फेकावं. ध्रुवांकडे जावं तसं हे ऊन आणखी विरळ होत जातं.

आता वारा. विषुववृत्तापासून साधारण 30 अंशांपर्यंत पूर्वीय वारे, 40 ते 60 अंशांत पश्चिमी वारे. वारा समुद्रावरून येतो की जमिनीवरून, हे ठरवल्याशिवाय प्रवाहाकडे वळू नका. अमेरिकेतलं न्यूयॉर्क आणि इटलीतलं नेपल्स दोन्ही 41 अंश उत्तरेजवळ. न्यूयॉर्कच्या बाजूच्या समुद्रातून गल्फचा उष्ण प्रवाह जातो, तरी जानेवारीत ते गोठतं, नेपल्स नाही. तिथे हिवाळ्याचा वारा खंडाच्या आतून येतो. नकाशावर उष्ण प्रवाहाचा नुसता लाल बाण पाहून उत्तर देणारे इथेच फसतात.

प्रवाहांचा नियम असा: साधारण 40 अंशांच्या आत खंडांच्या पश्चिम किनाऱ्याला शीत प्रवाह, पूर्व किनाऱ्याला उष्ण. मकरवृत्ताजवळ दक्षिण अमेरिकेत पश्चिमेला चिलीतलं अँटोफगास्ता, पूर्वेला ब्राझीलमधलं रिओ दि जानेरो. पहिल्याजवळून हम्बोल्ट हा शीत प्रवाह जातो. थंड पाण्यावरची हवा खालून गार होते, वर चढत नाही. धुकं येतं, पाऊस नाही. म्हणून समुद्राला लागूनच अटाकामाचं वाळवंट. रिओकडे उष्ण ब्राझील प्रवाह, भरपूर बाष्प, पाऊस. आफ्रिकेत बेंग्वेला प्रवाह आणि नामिबचं वाळवंट ही तशीच जोडी.

उत्तर गोलार्धात 40 अंशांपुढे हे उलटतं. नॉर्वेतलं हॅमरफेस्ट 70 अंशांवर असूनही बंदर हिवाळ्यात मोकळं राहतं, तर त्याहून बरंच दक्षिणेला असलेला कॅनडाचा लॅब्राडोर किनारा बर्फाने धरतो. मात्र ‘उष्ण’ म्हणजे आसपासच्या पाण्याहून उष्ण. नॉर्वेजवळचं ‘उष्ण’ पाणी वायव्य आफ्रिकेजवळच्या कॅनरी प्रवाहाच्या ‘शीत’ पाण्यापेक्षा गार असतं.

दोन अपवाद पाठच करा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला ल्यूविन हा उष्ण प्रवाह आहे. आणि उत्तर हिंदी महासागरात प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशाच बदलतात, म्हणून आपल्याकडचा नकाशा महिना पाहिल्याशिवाय वाचू नये.

विदर्भ दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत. उन्हाळ्यात समुद्राचा गारवा पोचत नाही, हिवाळ्याच्या रात्रीही ऊब नाही. चंद्रपूर-मुंबईचं उत्तर हेच. तरी दूरच्या पाण्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे: पेरूकडचा प्रशांत महासागर तापला की एल निनो होतो आणि मोसमी पाऊस कमजोर पडण्याची शक्यता वाढते. शक्यताच. 2015 मध्ये देशात पाऊस तुटला, पण 1997 च्या जबर एल निनोतही तो सरासरीएवढा झाला. म्हणून बातमी ऐकून वाण कमी कालावधीचं निवडा. कपाशी-सोयाबीनची पेरणी मात्र आपल्या वावरात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस मुरल्यावरच करा.